दाराकडे बघून बोलणारे नाना

आमच्या शेजारच्या नानांना काहीही विचारा, ते आधी मागे वळून स्वतःच्या घराच्या दाराकडे बघतात आणि मग बोलतात. चहा झाला का, एवढं विचारलं तरी तेच. उत्तरही ठरलेलं: "बठ्ठं ठीक शे, भाऊ." मी समजायचो, म्हातारपणाची खोड.

परवा ओट्यावर बसले होते ते तोंडाने श्वास घेत. नाक एका अंगाला कललेलं, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं.

"बैलनी मुंडी मारी," म्हणाले.

मला ते पटेना. त्यांचा बैल तर पोळ्याआधीच दोंडाईच्याच्या बाजारात विकला गेला होता.

"सूज उतरनी का बरं व्हई जाई," असं ते म्हणत राहिले. मी कसला ऐकतोय! धुळ्याला नेलंच. नानांचा मुलगाही न बोलावता सोबत आला.

डॉक्टरांनी नाक हलकेच चाचपलं, बॅटरी मारून आत पाहिलं. "हाड मोडलंय. वेळेत आणलंत. उशीर झाला असता तर असंच वाकडं जुळलं असतं. नाना, लागलं कसं?"

नानांनी मागे वळून दाराकडे बघितलं.

दारात मुलगा उभा होता.