सुमनताई आणि मेलेली पाकिटं

रस्त्याकडेला हरभऱ्याचं रान दिसलं, की सुमनताई गाडी थांबवायला लावत. मालकाकडून एक रोप मागून घेत, खुरप्यानं मातीसकट काढत आणि पाण्यात मुळं हलकेच धूत. "उपटू नगंस पोरी, गाठी मातीत ऱ्हात्यात," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मग मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी दिसलं, तर हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू कामाला लागलेत. "जित्या हायती गं!" म्हणत त्या हसायच्या.

सांगलीजवळच्या आमच्या जिवाणू खताच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. शिक्षण दहावी. मी शेतीची पदवी घेऊन आलेली, पण काम शिकले ते त्यांच्याकडून.

एका ऑक्टोबरात वडूजच्या शेतकरी बायकांच्या गटासाठी भरलेली, बियाण्याला चोळायच्या जिवाणू खताची पाकिटं दोन दिवस पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडली. गाडी निघताना सुमनताईंनी दोन पाकिटं मागं ठेवली आणि त्यांतले जिवाणू काचेच्या बशीत वाढतात का, ते मला बघायला लावलं. चौथ्या दिवशीही बश्या कोऱ्याच. सगळे मेले होते.

प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हरभरा उगवायचा थांबणार आहे का? कुणाला कळतंय?"

"मला कळलंय न्हवं," सुमनताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, कुणालाही न विचारता, फ्रिजमधली ताजी पाकिटं ओल्या पोत्यात गुंडाळून त्या एसटीनं वडूजला निघाल्या. मीही गेले, भीत भीतच. घरोघरी जाऊन त्या म्हणत, "आवं, चूक आमची हाय. ती पाकिटं द्या, ही घ्या."

गटातल्या पारूबाईंची पेरणी उरकली होती. त्या भडकल्या. "इश्वासानं बियाला चोळलं की वो मी! आन् आता मेलंय म्हंताय?"

सुमनताईंनी सबब सांगितली नाही. ताजे जिवाणू शेणखतात कालवले आणि दुपारभर वाकून ओळीओळीनं मातीत मिसळले. थोड्या वेळानं पारूबाईही शेजारी येऊन वाकल्या.

परतल्यावर नोटीस आली, सुमनताईंच्या एकटीच्या नावानं. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, 'पाकिटे मेली होती म्हणून गेले.' त्यांची रवानगी गोदामात झाली. महिन्यानं आम्ही दोघी सुट्टीच्या दिवशी वडूजला जाऊन आलो. पारूबाईंच्या हरभऱ्याला गाठी थोड्याच होत्या, पण आतून गुलाबी.

"थोड्या तर थोड्या," सुमनताई म्हणाल्या. "लागल्यात कामाला."

त्या गोदामातूनच निवृत्त झाल्या. पण त्याआधी, पुढच्याच हंगामात, साहेबांनी पाकिटं पाठवायचा कागद सहीसाठी माझ्यापुढं सरकवला. बश्या बघितल्याशिवाय सही करणार नाही, असं मी म्हणाले. साहेबांनी ड्रायव्हरला बोलावून गाडी चार दिवस थांबवायला सांगितली.