मूठभर वानगी

मिरचीचा ठसका लागला की मला तो ऑनलाइन संपादक आठवतो. धर्माबादला आमच्या गच्चीवर लाल मिरच्या वाळत होत्या, नाकाला झोंबत होत्या, आणि हा फोनवर गोड आवाजात, लेखनाचं काम देण्याआधी नमुना म्हणून, दहा अख्खे लेख फुकट मागत होता. "सगळेच देतात, मॅडम." वडील मिरचीचे अडते, मी मोंढ्याच्या घाऊक बाजारातच वाढलेली. म्हटलं, "आमच्या मोंढ्यात वानगी मूठभर दाखवतेत. तुम्ही तर पोतंच मागून राहिले." आणि एका लेखाचा पहिला परिच्छेद तेवढा पाठवला. काम अर्थातच मिळालं नाही. त्या फुकट्याने तेवढा परिच्छेदही स्वतःच्या नावाने वेबसाइटवर टाकला. परवा सहज पाहिलं, अजून तिथंच आहे. पुढचं वाक्य काही त्याला आजवर सुचलेलं नाही.