चीनचं शिबिर आणि न आलेला तांदूळ

पाणी उकळून आटायला लागलं होतं आणि तांदूळ आला नव्हता. मी टोपात आणखी दोन कळश्या ओतल्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसलो.

तलासरीत आमच्या लाल बावट्याच्या पक्षाचं अभ्यास शिबिर होतं. विषय चीनचा कम्युनिझम, तो कसा आला आणि कसा बदलत गेला. मी आचारी. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं चुलीपाशी. डहाणू, कासा, चिंचणी, कुठेही लग्न असो की सभा, मोठं जेवण असलं की मला बोलवतात. आमच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, पानं मोजतात. एक पान म्हणजे एक जेवणारा. मला पाचशे पानं सांगितली होती. पाचशे माणसं उपाशी उठली तर शिव्या पक्षाला नाही, आचाऱ्याला पडतात. त्यात कितीतरी बाया पहाटेपासून चालत आलेल्या.

शिबिराचा तांदूळ विकत आणत नाहीत. पाड्यापाड्यांतून गोळा होतो. रीत जुनी आहे आणि चांगली आहे. माझी बायको सुमन आधी सगळ्या पाड्यांत फिरून यायची. गप्पा मारत घरात शिरायची आणि भाताच्या कणगीत डोकवायची. तळ दिसला तर म्हणायची, यंदा तुम्ही लाकडं द्या, आम्हाला लाकडंच कमी पडतात. कुणाला नाही म्हणायची वेळ यायची नाही आणि मला खरा अंदाज मिळायचा.

सुमन पावसाळ्यात गेली. तिच्यामागे हे माझं पहिलं मोठं काम. पाड्यांत कोणी फिरलं नाही. सगळं फोनवर झालं.

फोन केले रामजीने. तो आमचा तालुक्याचा सेक्रेटरी, पळापळ करणारा माणूस. मी त्याला बाजूला घेतलं.

"तांदूळ कुठे आहे?"

"निघालाय, काका."

"कुठून निघालाय?"

"सगळ्या पाड्यांनी हो म्हटलंय. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

टेन्शन मी घेणार नाही तर कोण घेणार? डाळ शिजून तयार होती. डाळ एकटी कोण खातो?

लाउडस्पीकरचा एक कर्णा माझ्या मांडवाकडे तोंड करून लावला होता, त्यामुळे मलाही चीन ऐकावा लागत होता. बाहेरून आलेले सर सांगत होते. सुरुवातीला मूठभर माणसं. शहरात मार खाल्ला तेव्हा खेड्यात शिरली. शेतकऱ्यांची फौज उभी केली. फौजेला सक्त ताकीद, गरिबाच्या घरातून सुईदोराही उचलायचा नाही. मग लाँग मार्च, हजारो मैल पायी. तो काय असतो ते आमच्या लोकांना समजवावं लागत नाही, मोर्चांत चाललेले त्यांचे पाय सांगतील. मग राज्य आलं, जमीनदारांची जमीन कसणाऱ्याला मिळाली. इथे टाळ्या पडल्या. मी रस्त्याकडे बघत होतो.

पुढे सर म्हणाले, मग सगळी जमीन एकत्र केली. घरातल्या चुली बंद. भांडीकुंडी लोखंडासाठी भट्टीत वितळवली. गावाला एकच स्वयंपाकघर.

आता मी कान दिला. हे माझ्या धंद्यातलं होतं.

पहिले काही महिने लोक पोटभर जेवले. मग वरून विचारणा व्हायला लागली, तुमच्याकडे किती पिकलं? जो जास्त सांगेल त्याला शाबासकी. म्हणून शेजारच्या गावाने त्याहून जास्त सांगितलं. गावांनी सांगितलेल्या आकड्यावर सरकारने धान्य उचललं आणि टोप रिकामे राहिले. किती माणसं मेली तेही सरांनी सांगितलं. ते मला इथे लिहवत नाही.

तेवढ्यात टेम्पो आला. मी धावत गेलो. मागे चार पिशव्या, त्याही अर्ध्या.

टेम्पोवाला म्हणाला, "प्रत्येक पाड्यात हेच सांगतात, पुढच्या पाड्यात भरपूर आहे. शेवटच्या पाड्यात गेलो, तर ते म्हणाले मागच्या पाड्यात विचारा."

मी तसाच सभेच्या मांडवाकडे निघालो. रामजीने दंड धरला.

"काका, आत्ता नको. जिल्ह्याचे मोठे साहेब समोर बसलेत."

"मग त्यांच्या पानात भाषण वाढू?"

मी आत गेलो. सर बोलायचे थांबले. मला भाषण करता येत नाही. मी म्हटलं, "तांदूळ नाही. सांगितला त्याचा पाव हिस्साही नाही. कोणी किती दिला ते आत्ता खरं बोला, म्हणजे काहीतरी शिजवतो. जेवायच्या वेळेला बोलाल तर नुसतं पाणी पाजीन."

मग मागून बुधीबाई उठली. म्हातारी आहे, सुमनच्या ओळखीची.

"आमच्या पाड्याने नाही दिला. कणगीत काही नाही. मागल्या शिबिराला आमचं नाव माइकवर घेतलं, टाळ्या झाल्या. आता नाही म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार?"

मग दुसरा उठला, तिसरा उठला. कोणी निम्मा दिला होता, कोणी काहीच नाही. शेवटी रामजी खाली मान घालून म्हणाला, "मी पण वर थोडा वाढवूनच सांगितला." त्या आकड्यावर मोठ्या साहेबांनी आणखी दोन तालुक्यांतली माणसं बोलावली होती, म्हणून पानं पाचशे झाली होती.

सर पाणी प्यायले.

भात होणार नव्हता. मी पेज करायची ठरवली. असेल तो सगळा तांदूळ टोपात टाकला. नाक्यावरच्या दुकानातून नाचणीचं पीठ आणवून त्यात कालवलं. दुसऱ्या दिवसासाठी चिंचणीची सुकट आणून ठेवली होती, तिची चटणी वाटली. डाळ वाटीत वेगळी. वाढेपर्यंत मला भरवसा नव्हता. टोपाच्या तळाशी पळी लागली की मी राहिलेल्या पंगती मोजायचो. पण शेवटच्या पंगतीपर्यंत पुरलं.

मोठ्या साहेबांनी वाटीत पाहिलं. "फारच पातळ आहे, काका."

"पातळ आहे, पण आहे."

ते प्यायले आणि आणखी मागितली.

दुपारी सरांनी पुढचा चीन सांगितला. जुना चेअरमन गेल्यावर जमीन पुन्हा घराघराला कसायला दिली, कारखाने उघडले. पक्ष तोच, बावटा तोच, पण आता पक्षात शेटजीही आहेत. त्यावर लोक खूप भांडले. मी टोप घासत होतो.

रामजी उरलेलं शिबिर माझ्याशी बोलला नाही. मग पुढच्या शिबिरासाठी तोच घरी आला. मी म्हटलं, येतो, पण तांदूळ कोणी किती दिला ते माइकवरून सांगायचं नाही. तो म्हणाला, काका, त्याशिवाय लोकांना उत्साह येत नाही. मी म्हटलं, मग उत्साहच शिजव.

विचारून सांगतो म्हणून गेला. अजून सांगितलेलं नाही. मी मात्र कालपासून पाड्यांत फिरायला लागलोय. मला सुमनसारख्या गप्पा येत नाहीत. मी सरळ विचारतो, आहे का नाही? लोकांना राग येतो, पण खरं सांगतात.