आधी ऐकायचं, मग बोलायचं

आमच्या दूध सोसायटीच्या रांगेत एक म्हातारी असायची. तिला कुणी आपलं दुःख सांगितलं, तर ती लगेच बोलत नसे. कानावरचा पदर मागं सारून, डोळे मिटून उभी राहायची. मागचे चेष्टा करायचे, "मावशी, देवाचा ट्रंककॉल लागला का?"

कधी ती म्हणायची, "आज काय ऐकू आलं न्हाय." मग नुसताच हात धरायची. खोटा धीर तिनं कुणाला दिला नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मीच लोकांना संकरित गाई घ्यायला लावल्या होत्या, तिलाही. दुष्काळात चारा संपला, गाई खंगल्या. एका सकाळी मी तिला म्हणालो, "मावशी, मी सगळ्यांना बुडवलं. आज हे काम सोडतो."

तिनं पदर सारला. रांग खोळंबली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "लोक शिव्या देत्यात, व्हय. पण दूध तुझ्याकडंच आणत्यात की. इस्वास हाय त्यांचा. देवानं एवढंच सांगितलं." मग चरवी पुढं केली, "घे मापून."

दूध तळाशीच होतं. मी ते मापलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या गळ्यानं पुढच्याला हाक मारली.