उंबऱ्यापाशी खाकरणाऱ्या आक्का

आधी चपलांचा सरसर आवाज, मग ओसरीवर एक दमदार खाकरणं, आणि त्यानंतर आतल्या माणसाला पदर सावरता यावा, रडत असेल तर डोळे पुसता यावेत, एवढी शांतता. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या आक्का, घरात अशा येतात. दुसऱ्याचं झाकलेलं झाकलेलंच राहू देणारं असं माणूस भोकरदनपासून मंठ्यापर्यंत दुसरं सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगेन. पूर्वी आमच्याकडे पुरुषमंडळी उंबऱ्यापाशी खाकरत, घरातल्या बायकांना सावरायला अवधी मिळावा म्हणून. आक्कांनी ती रीत स्वतःकडे घेतली आणि तिला काही मर्यादाच ठेवली नाही. शिक्षिका असताना त्या रिकाम्या वर्गात शिरतानाही खाकरत. गोठ्यात धार काढायला जाताना अजूनही खाकरतात. म्हशीला काय सावरायचं असतं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते तिचं तिला ठाऊक, असं अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्या संगणक शिकल्या आणि हा बाणा तिथेही घेऊन गेल्या. त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली लावलेली असते. रोजची मरून, सणावाराला खड्यांची. जालन्याच्या एका दुकानात गल्ल्यावरच्या मुलीनं मोबाइल नंबर मागितला, तर आक्का म्हणाल्या, "मी बल्ब घ्यायला आले बाई, सोयरीक जुळवायला न्हाई." चुकून कुणाचा खाजगी निरोप त्यांच्या फोनवर आला, तर पहिल्या दोन शब्दांनंतर त्या फोन पालथा घालतात आणि पाठवणाऱ्याला कळवतात, की मी पुढचं वाचलेलं नाही, निश्चिंत असा.

अशा माणसापासून काही लपवणं सोपं असतं, आणि त्या हिवाळ्यात मी लपवत होते. छापील ओळीच्या मधोमध मला एक धुरकट डाग दिसू लागला होता. अक्षरांच्या कडा पाण्यात सोडलेल्या शाईसारख्या विरघळत. मी घरबसल्या मुद्रितशोधनाचं काम करते. जिला वेलांटी दिसत नाही तिला ते कोण देणार, या भीतीनं मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ब्राउझरला एक छोटं साधन जोडलं होतं, एक्स्टेंशन. ते मजकूर वाचून दाखवी. कानात इअरफोन असत. घरच्यांना वाटे, मी गाणी ऐकते.

एका दुपारी मी नोकऱ्यांच्या एका संकेतस्थळावर अर्ज भरत होते. अंगणात मिरच्या वाळत होत्या आणि त्यांचा खाट घरभर पसरला होता. आक्का आल्या, रीतसर खाकरून. हे संकेतस्थळ विश्वासाचं आहे ना, एवढंच मी विचारलं. त्यांनी दोनतीन कळा दाबल्या. पान पडद्यामागे काय करतं ते दाखवणारी एक पट्टी बाजूला उघडली आणि तिच्यात लाल ओळी कोसळू लागल्या, थांबेचनात.

आक्का पडद्याजवळ सरकल्या. नंतर हलक्या आवाजात त्यांनी मला समजावलं. लोक ब्राउझरला जी साधनं जोडतात, त्यांतल्या हजारोंना हे पान नावानं हाका मारत होतं: तू आहेस का, तू आहेस का? जे घरात नाही, त्याची ओळ लाल होते. कुणी प्रार्थनेची वेळ सांगणारं साधन ठेवतं, कुणी आजारपणात मदत करणारं, कुणी नवी नोकरी शोधून देणारं; आणि उत्तर मिळालं, की माणसाच्या मनातलं त्याला न विचारता कळतं. त्यांच्या सुरात राग कमी होता. ग्रहण बघताना माणसं जशी बोलतात, तशा त्या बोलत होत्या.

"खाकरला बी न्हाई गं," त्या म्हणाल्या. "सरळ माजघरात. अन् आपल्याला वाटून राह्यलं, आपणच त्याला पाहून राह्यलो."

त्यांच्या स्वतःच्या संगणकावर म्हणे झाडून साऱ्या ओळी लाल राहतात, कारण त्या काही जोडतच नाहीत. माझ्या ओळींवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. ती ओळ लाल नव्हती. मला तिथे नुसता फिकट पट्टा दिसत होता. तो माझ्या वाचून दाखवणाऱ्या साधनाचा, हे त्यांच्या थांबलेल्या बोटावरून मला कळलं. पडद्यावर अर्जाचा पुढचा रकाना लुकलुकत होता: आपली बलस्थानं लिहा.

सवयीनं आक्कांनी मान खिडकीकडे वळवली. मी सुटकेचा श्वास घेतला. जन्मभर जे त्यांनी केलं, तेच त्या आताही करतील. काही पाहिलं नाही असं म्हणून चहाकडे वळतील. खिडकीबाहेर त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मान परत वळवली आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं, न खाकरता.

त्यांनी लॅपटॉप मिटला, माझ्या गळ्यातले इअरफोन हलकेच काढून बाजूला ठेवले, खुंटीवरची पिशवी घेतली. जालन्याची एसटी सुटायला थोडा अवकाश होता आणि डोळ्यांचा दवाखाना तिथेच होता. माझ्या हातावर त्यांचा खरखरीत, उबदार हात आला. किती महिन्यांनी माझं कुणाला तरी कळलं होतं, आणि ते इतकं हलकं वाटेल असं मला ठाऊक नव्हतं. दारापाशी त्यांनी माझ्या चपला सुलट्या करून पुढे सरकवल्या आणि म्हणाल्या,

"चल."