गुडघ्यातले अश्रू

"मॅडम, सगळं करून पाहिलं. आई रडतच नाही."

धुळ्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये लोक गुडघा, कंबर, खांदा घेऊन येतात. न रडण्याची तक्रार पहिलीच. दोंडाईच्याकडचे राजूभाऊ समोर उभे, आणि खुर्चीत त्यांची आई, अक्का, डोळे सुजवून बसलेल्या.

अक्का म्हणजे खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांसाठी पंचक्रोशीत मागणी असलेली बाई. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि मांडे दुसऱ्या कुणाच्या हातचे होऊ द्यायचे नाहीत हा त्यांचा हट्ट. पण गुडघा उभं राहू देईना, बसू देईना. मागच्या खेपेला मी मांडीचे व्यायाम शिकवले होते. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला होता.

"व्यायाम चालू आहेत ना?" मी विचारलं.

"बंद केले," राजूभाऊ म्हणाले. "रिपोर्टमध्ये खरं कारण कळलं ना!"

मी रिपोर्ट वाचला. मेनिस्कस म्हणजे गुडघ्याच्या आतली कूर्चेची गादी. तिला 'पार्शियल टेअर', शिवाय सांध्यात थोडं पाणी. या वयात नेहमीचं. मग राजूभाऊंनी मोबाइल पुढे केला. त्यांनी रिपोर्ट मोबाइलकडून मराठीत करून घेतला होता. तिथे लिहिलं होतं: 'गुडघ्यात आंशिक अश्रू.'

"वरून बाहेर पडले नाहीत, ते खाली उतरले," राजूभाऊंनी मला समजावलं. "पाणी झालंय असं तुमच्या रिपोर्टमध्येच आहे."

मग घरादाराने अक्कांना रडवायचा विडा उचलला होता. रडक्या सिरियली दाखवल्या. गेलेल्या आबांची आठवण काढून दिली.

"तुना बाप गया तवय रडनू मी," अक्का कडाडल्या. "आते काय नव्यानं रडू? कांदा कापी कापी डोया सुजी गयात, गुडघा तसाच शे!"

मला हसू आवरेना. राजूभाऊंचा चेहरा उतरला. मी सांगितलं, की इंग्रजीत स्पेलिंग एकच, पण टिअर म्हणजे अश्रू आणि टेअर म्हणजे फाटणं. "अक्का, गादी जराशी फाटलीय, एवढंच."

एवढंच म्हणायला नको होतं. अक्कांचा चेहरा पांढरा पडला.

"फाटनी?" त्या हळूच म्हणाल्या. "दूध फाटस तशी, का लुगडं फाटस तशी?"

कॉलेजात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आपल्याकडे काय काय फाटतं! आभाळ फाटतं, भांडणात दोन भावांचं फाटतं, सकाळी चहाचं दूध फाटतं. यातलं काही पुन्हा जुळतं, काही नाही. अक्कांना तेवढंच हवं होतं. मांडे होणार की नाही?

"लुगडं," मी म्हणाले. "तेही काठाला थोडंसं उसवलेलं."

"मंग शिवी टाक ना, माय!"

"शिवायची गरज नाही. मांडी बळकट केली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखणं कमी होईल. पण वाया गेलेले दिवस भरून काढायचे."

त्या दिवसांची पावती अक्कांनी तिथल्या तिथे राजूभाऊंच्या नावावर फाडली. त्यांना अहिराणीत जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अक्कांनी व्यायाम मात्र इमानाने केले. जमिनीवर बसायचं नाही ही माझी अटही कुरकुरत मानली. लग्नात विटा रचून चूल उंच केली होती, आणि अक्का खुर्चीत बसून दोन्ही हातांवर मांडा झुलवत होत्या. मी दोन खाल्ले. तिसऱ्याला नाही म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही.

पाठवणीला नात गळ्यात पडली आणि अक्का धाय मोकलून रडल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन पुढे गेले, तर पदराने नाक पुसत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, माय. गुडघानं पानी निंघी ऱ्हायनं."

राजूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शेवटी मोबाइलच बरोबर होता.

तेव्हापासून पेशंटच्या रिपोर्टवर मी पेनाने मराठीत लिहून देते: फाटलंय. लुगड्यासारखं, दुधासारखं नाही.