दोन वर्षांचा अबोला

मी एसटीत कंडक्टर आहे, सोलापूर–टेंभुर्णी गाडीवर. दोन वर्षं माझं पोट दुखत होतं आणि त्यावर बोलायचा हक्क माझ्याखेरीज सगळ्यांना होता. सासूबाई म्हणाल्या, बेंबी सरकली. वैरागच्या एका बाईकडे नेलं. तिनं पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. दोन दिवस बरं वाटलं. मग जाऊबाई म्हणाल्या, "पिशवीच काढून टाका की. मी न्हाय काढली?" एका डॉक्टरनं लगेच ऑपरेशनची तारीखही दिली.

मला धीर होईना, म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं, पिशवी ठणठणीत आहे, आणि मला समुपदेशकाच्या खोलीत धाडलं. माझं डोकं सणकलं. म्हणजे मी काय नाटकं करते? समोर माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी. म्हणाली, "तुमचं दुखणं खरंच आहे. फक्त ते कधी उठतं, तेवढं लिहून आणा."

कंडक्टरला घड्याळापेक्षा थांबे जास्त कळतात. मी थांब्यांप्रमाणे लिहिलं. जाताना मोहोळ, नाही. मोडनिंब, नाही. टेंभुर्णी, नाही. येताना मोहोळ सुटलं की सुरू; पुढं सोलापूर, घर. आठवडाभर रोज तेच. पिशवीला काय मोहोळ कळतं?

"घरी काय चाललंय?" तिनं विचारलं.

घरी काहीच नव्हतं. भांडण नाही, मारहाण नाही. नवऱ्यानं भावांसमोर 'नोकरी सोड' म्हटलं, मी 'नाही' म्हटलं, तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चहा हवा असला की, "आई, तिला सांग." आणि मी तिथंच, गॅसपाशी. घरात कुणालाच यात वावगं दिसलं नाही. बेंबी बसवायला मला वैरागपर्यंत नेलं, पण पोराला 'तोंड उघड' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि त्याचाच राग जास्त येतो.

त्या खोलीत मी दर सोमवारी तासभर बोलायचे, बहुतेक शिव्याच. महिन्याभरात पोट आठवड्यातून एखाद्या दिवशीच दुखू लागलं. मग तिनं नवऱ्याला बोलावलं. तो आला, बसला आणि तिलाच म्हणाला, "तिला सांगा, घरात तिला कुणी काय कमी केलं न्हाय."

"मी निरोप पोचवत नाही," ती म्हणाली. "त्या इथंच बसल्यात."

तो उठून गेला.

ती तारीख मी टाळली होती, तरी ऑपरेशन घरच्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "त्यो इचारतोय, आपरेशनला कवा निघायचं?"

"त्यांना तोंड हाय की. इचारू द्या."

सासूबाई बाहेर गेल्या, मी भांडी घासायला घेतली. मग तो दारात आला. "कवा निघायचं?"

दोन वर्षांनी नवरा माझ्याशी बोलला, तेही माझं पोट कापायला कधी न्यायचं, एवढंच विचारायला. "न्हाय निघायचं," मी म्हणाले. "बसा हितं. माझं दोन वर्षांचं बोलायचं राहिलंय."